खबर लागली, पुढे काय?
वऱ्हाडातील संकटवार्तेचा इतिहास

इ.स. १८७० मध्ये जलंब स्थानकापासून खामगावच्या कापूसबाजारापर्यंत रेल्वेचा एक छोटा फाटा सुरू झाला. त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आले होते. त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई लंडनशी जोडली गेली. खामगाव त्या काळी अकोला जिल्ह्यात होते. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाला काय भाव आहे, हे कळायला पूर्वी आगबोटीच्या टपालाची कित्येक आठवडे वाट पाहावी लागे. आता ते तारेने कळू लागले आणि खरेदीचे हुकूमही तारेनेच येऊ लागले.

त्याच अकोला जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात विहीर आटली आणि ज्वारी करपली, तर ती खबर तालुक्याला कशी जात असे? पायी. आणि ती तालुक्याला पोहोचल्यावर पुढे काय होत असे? हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे. आपत्तीच्या वेळी दूरध्वनी, बिनतारी यंत्र, उपग्रह अशा साधनांची चर्चा खूप होते. पण खबर लवकर पोहोचली म्हणजे माणसे वाचली असे होत नाही. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात याचे पुरावे जागोजागी सापडतात. ते आपण क्रमाने पाहू.

खबरीचे चार टप्पे

सोयीसाठी संकटाच्या खबरीचे चार टप्पे पाडू. पहिला टप्पा पाहणाऱ्याचा : संकटाची खूण कोणाला तरी दिसली पाहिजे. दुसरा नेणाऱ्याचा : ती खूण योग्य माणसापर्यंत गेली पाहिजे. तिसरा ठरवणाऱ्याचा : आता काय करायचे याचा निर्णय झाला पाहिजे. चौथा करणाऱ्याचा : निर्णय प्रत्यक्षात आला पाहिजे. साखळीतली एक कडी तुटली की बाकीच्या तीन मजबूत असून उपयोग नसतो. खामगावच्या कापसाची साखळी पक्की होती, कारण भावाची तार हातात पडली की काय करायचे हे व्यापाऱ्याला आधीच ठाऊक होते. भुकेच्या खबरीला अशी साखळी मिळायला बराच काळ जावा लागला.

पाटील, पांडे आणि डफ

वऱ्हाडातल्या गावात बातमीदारीचे काम पाटील आणि पांडे यांच्याकडे असे. पाटील गावच्या बंदोबस्ताला जबाबदार आणि पांडे म्हणजे पटवारी जमीन, पीक व वसुली यांची दप्तरे राखणारा. गावाला काही कळवायचे असेल तर डफ वाजवून दवंडी दिली जाई. गावची खबर तालुक्याला नेणे, सरकारी कागद पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवणे ही कामे महार समाजावर जन्माने लादलेली होती. त्यांचा मोबदला तुटपुंजा होता आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. तारायंत्राच्या गौरवगाथेत या माणसांच्या पायपिटीचा उल्लेख क्वचितच येतो, पण तारेची सुरुवात त्यांच्या पायांपासून होत असे.

थोडा हिशोब करून पाहा. माणूस ताशी ५ किलोमीटर चालतो. तालुका ३० किलोमीटर दूर असेल तर निरोप पोहोचायला एक पूर्ण दिवस जातो. पुढे रेल्वेच्या कडेने गेलेल्या तारेतून तीच खबर काही तासांत मुंबईला जाई. मुंबईपासून अकोला, बडनेरा या मार्गाने नागपूरपर्यंतची रेल्वे १८६७ मध्ये पूर्ण झाली होती. म्हणजे खबरीचे शेवटचे शेकडो किलोमीटर काही तासांचे आणि पहिले ३० किलोमीटर दिवसभराचे, अशी स्थिती होती.

दुष्काळाची संहिता

१८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खन व मद्रास इलाख्यात भयंकर दुष्काळ पडला. त्यात पन्नास लाखांवर माणसे मेली असा अंदाज आहे. त्यानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८८० मध्ये आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. त्यावरून निरनिराळ्या प्रांतांनी आपापल्या संहिता केल्या.

विज्ञानाच्या शिक्षकांनी ही संहिता मुद्दाम अभ्यासावी अशी आहे, कारण तिच्यात खूण आणि कृती यांची जोडी लावलेली आहे. पावसाची नोंद, पिकांची स्थिती आणि धान्याचे भाव यांची पत्रके चांगल्या वर्षीही नियमाने वर पाठवायची. भाव अचानक चढले, सावकाराने कर्ज देणे थांबवले, भिकारी वाढले, चोऱ्या वाढल्या, माणसे कामाच्या शोधात गाव सोडू लागली, या संकटाच्या खुणा मानायच्या. खुणा दिसल्या की चाचणीची कामे काढायची. कमी मजुरीच्या त्या कष्टाच्या कामावर लोक मोठ्या संख्येने आले, तर गरज खरी आहे असे समजून पुढची पायरी चढायची. मग मोठी दुष्काळी कामे, गावोगाव पाहणी करणारे मंडल अधिकारी, अपंग व वृद्ध यांना फुकट मदत, निराधारांसाठी अन्नगृहे, असा क्रम ठरलेला होता.

म्हणजे अधिकाऱ्याने खबर वाचून नुसती चिंता करीत बसू नये, अशी योजना होती. अमुक दिसले की अमुक करायचे, हे संकट येण्याआधी शांत डोक्याने लिहून ठेवलेले होते.

१८९९ साली काय झाले?

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ अशी म्हण ज्या प्रदेशाबद्दल रूढ होती, तिथे १८९६-९७ मध्ये टंचाई आली आणि १८९९ च्या पावसाळ्यात पावसाने साफ दगा दिला. ज्वारी गेली, कापूस गेला, वैरण गेली. संहिता होती, तारायंत्र होते, रेल्वे होती. तरीही १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडाची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत ती वाढायला हवी होती. ती सुमारे ५ टक्क्यांनी घटली. यात दोन दुष्काळ आणि त्यांच्या पाठोपाठ येणारे रोग यांचा मोठा वाटा होता.

कडी कुठे तुटली? पाहणारे होते आणि नेणारेही होते. पत्रके जात होती. दोष पुढच्या दोन टप्प्यांत होता. चाचणीच्या कामाच्या मुळाशी अविश्वास होता. माणूस भुकेला आहे हे त्याच्या शब्दावरून मानायचे नाही. त्याने अर्धपोटी खडी फोडून ते सिद्ध करायचे. सिद्ध होईपर्यंत त्याची ताकद गेलेली असे. कामावरची गर्दी आणि दूषित पाणी यांमुळे पटकीसारख्या रोगांचे फावत असे. सरकारचा हात खर्चाच्या बाबतीत आखडता होताच. सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या अध्यक्षतेखालील १९०१ च्या आयोगाने तर लोकांचा धीर खचण्याआधीच मदत उघडपणे सुरू झाली पाहिजे, यावर भर दिला. मदतीची खबर लोकांना वेळेवर कळणे हीच अर्धी मदत आहे, असा त्याचा सारांश काढता येईल.

या अनुभवाचे धागे आपल्या काळापर्यंत येतात. पीक आणेवारी, म्हणजे आताची पैसेवारी, प्रत्येक गावकऱ्याला माहीत असते. ती ५० पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलती, ही जोडी संहितेच्याच घराण्यातली आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमावलीने पावसाची तूट, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहावरून दिसणारी हिरवळ असे निकष त्यात आणले. त्याहून मोठा बदल १९७२ च्या दुष्काळानंतर झाला. महाराष्ट्राच्या रोजगार हमी कायद्याने काम मागणाऱ्याची मागणी हाच गरजेचा पुरावा मानला आणि १५ दिवसांत काम देण्याचे बंधन सरकारवर घातले. भुकेल्या माणसाचा शब्द प्रथमच अधिकृत खबर ठरला.

नदीला घाई असते

दुष्काळ महिनोन्‌महिने चालत येतो. पूर काही तासांत येतो. त्यामुळे पुराच्या खबरीचा हिशोब मिनिटांत करावा लागतो.

अमरावती-अकोल्याचा नकाशा काढून पाहा. वर्धा नदी उगम पावते मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताईजवळ. पूर्णाही त्याच जिल्ह्यातल्या सातपुड्यातून निघते. मेळघाटातून उतरणारे ओढे-नद्या तीव्र उताराने येतात आणि पूर्णेच्या सपाट खोऱ्यात पसरतात. इथली काळी माती कोरडी असताना भेगाळलेली असते आणि पाणी पिते. पण एकदा भिजून फुगली की भेगा मिटतात आणि पडलेला पाऊस वरूनच वाहू लागतो. म्हणून पावसाळ्याच्या मध्यावर पडलेला १०० मिलिमीटर पाऊस जूनमधल्या तेवढ्याच पावसापेक्षा जास्त धोक्याचा ठरतो.

आता वेळेचा हिशोब. समजा, नदीचे पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने वाहते आहे. रुंद पात्रात पुराचा लोंढा पाण्याच्या सरासरी वेगाच्या साधारण दीडपट वेगाने पुढे सरकतो. म्हणजे सेकंदाला ३ मीटर, ताशी सुमारे ११ किलोमीटर. वरच्या अंगाला ५० किलोमीटरवर पाणी चढले, तर खालच्या गावाला साडेचार तास मिळतात. त्यातून वजाबाकी करीत जा. पट्टीवरची पातळी वाचायला अर्धा तास, निरोप जिल्ह्याला जायला अर्धा तास, निर्णयाला एक तास, गावात निरोप पोहोचायला एक तास. उरला दीड तास. त्यात म्हाताऱ्यांना आणि लेकरांना उंचावर न्यायचे, गुरे सोडायची, आणि तेही बहुधा रात्री, भर पावसात. निर्णयाला दोन तास लागले, तर गाव हलवायला अर्धाच तास उरतो.

खबर विजेच्या वेगाने जाते हे खरे. पण वेळ जातो तो पट्टी वाचण्यात, निर्णयात आणि शेवटच्या दारापर्यंत पोहोचण्यात. भारतात केंद्रीय पातळीवर पुराचा अंदाज देण्याचे काम १९५८ मध्ये दिल्लीला यमुनेवर सुरू झाले. वरच्या ठाण्याची पातळी आणि काही तासांनंतरची खालच्या ठाण्याची पातळी यांचा आलेख काढायचा, ही त्यातली जुनी व सोपी रीत. दहावीचा विद्यार्थीही ती समजू शकेल.

मोवाड

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड गावात दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. मोवाड नरखेड तालुक्यात आहे आणि नदीपलीकडे अमरावती जिल्ह्यातला वरूड तालुका. नदीकाठच्या गावाला पूर नवा नसतो. पण नेहमीच्या पुराची सवय असल्यानेच ‘पाणी येते आणि ओसरते’ असा विश्वासही तयार होतो. नेहमीपेक्षा वेगळे पाणी येत आहे, हे सांगणारी खूण गावाच्या वरच्या बाजूला असते; गावात बसून ती दिसत नाही.

इथे इतिहासातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९५६ पर्यंत बैतूल, अमरावती आणि अकोला हे जिल्हे एकाच राज्यात होते आणि त्यांची राजधानी नागपूर होती. त्या वर्षीच्या राज्य पुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात आले आणि बैतूल मध्य प्रदेशात राहिले. नदीचा माथा एका राज्यात आणि काठची गावे दुसऱ्या राज्यात, अशी विभागणी झाली. पाणी सीमा ओळखत नाही, पण पर्जन्यमापकाची नोंद आणि तहसीलदाराचा निरोप मात्र कचेरीच्या वाटेने जातो. अशा नद्यांवर वरच्या जिल्ह्याने खालच्या जिल्ह्याला थेट कळवायचे, हे आधी लिहून ठेवलेले असेल तरच घाईच्या वेळी घडते.

किल्लारीनंतर

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतली ५२ गावे उद्ध्वस्त झाली आणि हजारो माणसे गेली. भूकंपाची पूर्वसूचना देता येत नाही. तिथे खबरीचा प्रश्न नंतरचा असतो : कोणती गावे पडली, किती माणसे ढिगाऱ्याखाली आहेत, रस्ता कोणता खुला आहे, डॉक्टर कुठे हवेत. मदतीला धावणाऱ्या माणसाला ‘फार हानी झाली’ या वाक्याचा काहीच उपयोग नसतो. त्याला ठिकाण, आकडा, वेळ आणि सांगणाऱ्याचे नाव हवे असते.

या भूकंपानंतर महाराष्ट्राने आपत्ती व्यवस्थापनाची राज्य व जिल्हा पातळीवरची योजना तयार केली. मंत्रालय, विभागीय आयुक्त आणि जिल्हाधिकारी यांच्याकडे नियंत्रण कक्ष आले. त्यांना उपग्रह व व्हीएचएफ बिनतारी यंत्रणेची जोड मिळाली. अमरावती हे विभागाचे मुख्य ठाणे असल्याने अकोल्याचे निरोपही तिथे येतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला आणि जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे प्रमुख ठरले. जिल्हा आराखड्यात बोटी कुठे आहेत, पोहणारे कोण, दवाखाने कोणते, याच्या याद्या असतात. जुन्या संहितेचा तो नवा अवतार म्हणता येईल. पण यादी दरवर्षी तपासली नाही, तर बंद पडलेल्या क्रमांकांची ती वही होते.

व्हीएचएफ लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात, म्हणून उंच जागेचा उपयोग होतो. समोरच्या मैदानापेक्षा ७५० मीटर उंच असलेल्या जागेवरून क्षितिज किती दूर दिसते? उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ काढून त्याला ३.५७ ने गुणले की किलोमीटरमध्ये उत्तर येते : सुमारे ९८. सातपुड्याच्या कड्यावरून वऱ्हाडचे मैदान असे आवाक्यात येते. मात्र त्याच डोंगरामागच्या मेळघाटातल्या दऱ्या सावलीत राहतात. ज्या धारणी-चिखलदऱ्याच्या पट्ट्यात रस्ते अवघड, तिथेच लहरीही पोहोचायला अवघड, अशी ही अडचण आहे.

खिशातला डफ

आता डफाची जागा मोबाईलने घेतली आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ ही सेवा २०१४ मध्ये आणि सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक २०२१ मध्ये आला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आसपास कडाडणाऱ्या विजेची सूचना देते. २०२३ मध्ये देशभर एकाच वेळी मोबाईल कर्कश वाजवून इशारा देण्याच्या चाचण्या झाल्या. तारसेवा मात्र २०१३ मध्येच बंद झाली.

साधने बदलली तरी चार टप्पे तेच आहेत. शेतात निंदणाला गेलेल्या बाईचा मोबाईल घरी असेल, तर विजेचा इशारा घरातल्या फळीवर वाजतो. मेळघाटातल्या कोरकू आजीला मराठीतला सरकारी इशारा ऐकू आला, तरी तो तिच्या भाषेत कोणी तरी सांगावा लागतो. वीज गेली की मोबाईलचा मनोरा काही तासच तग धरतो. म्हणून १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला पोलीस पाटील, आशा कार्यकर्ती, देवळाचा किंवा मशिदीचा भोंगा यांची गरज संपलेली नाही. अकोला जिल्ह्यातील पिंजरच्या संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकासारखे गावातले स्वयंसेवक हा तर शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा. बाहेरून बोट येईपर्यंत शेजारीच शेजाऱ्याला बाहेर काढतो.

वर्गात काय करता येईल?

आठवी ते बारावीच्या मुलांकडून पुढील काम सहज होईल. गावातल्या वृद्धांना विचारून सर्वांत मोठ्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते शोधा आणि पाणनळीच्या, म्हणजे पारदर्शक नळीत पाणी भरून केलेल्या लेव्हलच्या, साहाय्याने ती उंची शाळेच्या भिंतीवर रंगवा. नदी-नाल्याचा वेग किनाऱ्यावरून, मोठ्या माणसाच्या देखरेखीत, तरंगणारी काडी व घड्याळ वापरून काढा. तरंगत्या काडीचा वेग सरासरीपेक्षा थोडा जास्त असतो हेही मुलांना सांगा. वरच्या गावापासूनचे अंतर नकाशावर मोजा आणि किती तास मिळतील याचा हिशोब मांडा. मग त्या गावच्या शाळेचा दूरध्वनी क्रमांक मिळवून तिथल्या शिक्षकांशी बोला.

शेवटी एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे खूण : पाणी पुलाच्या कठड्याला लागले, वरच्या गावचा फोन आला, एका तासात इतका पाऊस पडला. उजवीकडे कृती : कोणी घंटा वाजवायची, कोणत्या वस्तीने कोणत्या वाटेने कुठे जायचे, कोणत्या घरातल्या आजोबांना कोणी उचलायचे. उजवा रकाना भरताना मुलांमध्ये वाद होतील. ते होऊ द्यावेत, कारण पुराच्या रात्री वाद घालायला वेळ नसतो. कागद पूर्ण झाला की ग्रामपंचायतीला एक प्रत द्या आणि दरवर्षी मृगाआधी नवी मुले, नवे क्रमांक घालून तो पुन्हा लिहा.